पाचव्या फाटकावरच्या माशा

ऊना काल्डर टपालाची गाडी घेऊन आमच्या रोडहाउसवर, म्हणजे हमरस्त्यावरच्या पंप-खानावळीत, आली की आधी डिझेल भरायची, मग माझ्या हातचा चहा घ्यायची आणि चहा पिता पिता बाहेर थांबलेल्या परगावच्या गाड्यांकडे बघायची. ज्या गाडीच्या काचा गच्च बंद आणि आतली माणसं टोपीने, नकाशाने, चपलेने एकमेकांवर वार करताहेत, त्या गाडीपाशी जाऊन ती बोटाने काच वाजवायची.

"काचा उघडा," ती सांगायची.

"उघडल्या तर आणखी येतील," आतून हमखास हेच उत्तर.

"आत अडकलेल्यांनाही बाहेरच जायचंय. चारी काचा खाली घ्या आणि पाच मिनिटं गाडी दामटा. वाऱ्याबरोबर निघून जातील. मग लावा काचा." एवढं झालं की दुसरा धडा सुरू. "जेवायला उतराल तेव्हा वाऱ्याकडे तोंड करून बसा. माशीला वारा सोसत नाही, ती आडोसा बघते. तोंड वाऱ्यात ठेवलंत की ती पाठीवर जाऊन बसेल. आणि पाठीवर बसलेलीला हात लावायचा नाही. उठवलीत की ती परत तोंडावर येणार."

"म्हणजे पाठीवर शंभर माशा घेऊन हिंडायचं?"

"पाठीला काय डोळे आहेत?" ऊना म्हणायची आणि गाडीत बसून निघून जायची.

मी नेल. टॅनक्स वेलला रोडहाउसच्या स्वयंपाकघरात माझी एकवीस वर्षं गेली. त्यातली निम्मी तरी अशा लोकांचे चेहरे बघण्यात गेली असतील. ऊना गेल्यावर ते माझ्याकडे बघायचे, की ही बाई शुद्धीवर आहे ना. मी म्हणायची, ऐका तिचं. आमच्याकडच्या माशीबद्दल तिच्याइतकं कुणाला कळत नाही.

हे तिला कळायला लागलं ते वयाच्या सातव्या वर्षी. तिचा बाप गुरांच्या रानांना तारेची कुंपणं घालत फिरायचा. पाठोपाठ तंबू, आई आणि दोन पोरं, म्हणजे ऊना आणि तिचा थोरला भाऊ रेक्स. एका उन्हाळ्यात रेक्सला खुपऱ्या झाल्या. डोळे सुजून चिकटले, कडांना पू, आणि त्या ओलीवर माशा. आमची माशी चावत नाही, फक्त ओल मागते. डोळ्याची, नाकाची, ओठांची, जिथे मिळेल तिथली. डॉक्टर तीनशे किलोमीटरवर. आईला पन्नास कामं. मग ऊनाच्या हातात बाभळीची एक डहाळी देऊन तिला रेक्सच्या उशाशी बसवलं. सकाळी ऊन वर आलं की दिवस मावळेपर्यंत हलवायची. पाच आठवडे ती हे करत होती.

"पहिल्या आठवड्यात मला त्यांचा इतका राग होता की एकेक धरून मी पंख उपटायची," तिने मला एकदा सांगितलं. "मग डहाळी हलवता हलवता बघायला लागले. सावलीत त्या येत नाहीत. सूर्य बुडाला की एकही राहत नाही, कुणी हाक मारल्यासारख्या सगळ्या जातात. वारा फिरला की त्या रेक्सच्या दुसऱ्या बाजूला जातात. मग मी त्याचं अंथरुण वाऱ्याप्रमाणे फिरवायला लागले. आई म्हणाली, पोरीला ऊन लागलं."

रेक्सचा एक डोळा गेला, दुसरा अर्धा राहिला. ऊना म्हणायची, अंथरुण फिरवायचं चार दिवस आधी सुचलं असतं तर. हे ती फार क्वचित बोलायची.

टपालाचं काम खरं तिच्या नवऱ्याने घेतलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी, गुरांच्या सहा रानांची सहा फाटकं, जाऊन येऊन तीनशे ऐंशी किलोमीटर. दोन वर्षांत धुळीला कंटाळून तो किनाऱ्यावरच्या शहरात निघून गेला. ऊना गाडीसकट मागे राहिली. तिला विचारलं तर म्हणायची, गाडी चांगली होती.

मोजणी सुरू झाली ती एका भांडणातून. आमच्याकडे पावसाची, गुरांची, घोड्यांची बढाई कुणी मारली तर लोक ऐकून घेतात. पण 'आमच्याकडे माशा जास्त' असं म्हटलं की कुणीही ऐकून घेत नाही. वर्षातून एकदा घोड्यांच्या शर्यतीला सगळी रानं जमतात. तिथे तिसऱ्या फाटकावरची लोर्ना स्टीप पहिल्या फाटकाच्या मालकाला म्हणाली, "तुमच्या त्या काय माशा. आमच्याकडे एक दिवस राहून बघ, चहात साखर दिसायची नाही." तो म्हणाला, "आमच्याकडे कप दिसत नाही." दोघं हमरीतुमरीवर आले. ऊना मध्ये पडली. म्हणाली, मी सगळीकडे जाते, मी मोजते.

नियम तिनेच केले. एकच खाकी सदरा. फाटकाशी उतरायचं, वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, घड्याळात एक मिनिट जाऊ द्यायचं, आणि फाटकावर टपाल घ्यायला जो आला असेल त्याने तिच्या पाठीवरच्या माशा मोजायच्या. आकडा शाळेच्या वहीत. हे एका मोसमापुरतं होतं, पण पुढे वर्षानुवर्षं चाललं.

आता पाठीवरच्या माशा मोजायच्या तर माणसाला जवळ उभं राहावं लागतं. चार-पाच मिनिटं जातात, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. समोर तोंड नसल्यामुळे लोक बोलतात. लोर्नाची मुलगी शाळेसाठी शहरात राहायला गेली त्या मंगळवारी लोर्ना बेचाळीसवर थांबली. मागून काही आवाज येईना. मग मुसमुसणं ऐकू आलं. ऊना वळली नाही. जरा वेळ जाऊ दिला आणि म्हणाली, "त्रेचाळीस. पुढे."

लोर्नाचं फाटक दर वर्षी पहिलं यायचं. तिने फाटकावर पत्र्याची पाटी लावली होती, 'जिल्ह्यात सर्वांत जास्त', आणि कशात जास्त ते लिहिलं नव्हतं.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात चाक बदलताना जॅक सटकला आणि ऊनाचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. टपाल तर थांबवता येत नाही. माझा नवरा म्हणाला, अंडी आणि पाव मी करीन, तू जा तिच्याबरोबर. मी गाडी चालवायला लागले आणि ऊना शेजारी बसून मला खड्डे दाखवायला लागली, मी त्यांतून गेल्यावर.

पहिल्या मंगळवारी चार फाटकं झाली. पाचव्यावर मी फाटकाशेजारच्या जुन्या फ्रिजपाशी थांबले. त्या फ्रिजला वीज नव्हती, दारही दोरीने बांधलेलं. तीच तिथली टपालपेटी. हे रान ऑर्मंड पिगॉटचं. एकटा माणूस, अठ्ठ्याहत्तरीचा, आणि कंजूस म्हणून पंचक्रोशीत नाव. गुरांच्या पाठीवर औषध ओतायलाही याच्या खिशातून पैसा निघत नाही, असं लोक म्हणायचे. शर्यतीला यायचा नाही. फाटकावरही कधी यायचा नाही. ऊना आत टपाल टाकायची, बाहेर जायचं असेल ते उचलायची आणि पुढे.

"वही दे," मी म्हटलं. "इथला आकडा?"

"इथला नसतो. मोजणार कोण?"

वही चाळली तर खरंच, सतरा वर्षं पाचव्या फाटकाखाली रेघ मारलेली होती.

"आज मी आहे की," मी म्हटलं. "उतर."

ती उतरली, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. मिनिट झालं. मी मोजायला सुरुवात केली आणि लगेच थांबले.

"नऊ."

"नीट मोज."

"ऊना, नऊच आहेत."

"वाऱ्याकडे तोंड आहे ना माझं?"

"आहे."

"मग तुझ्या पाठीवर गेल्या असतील. वळ बघू." तिने माझी पाठ बघितली. माझ्या पाठीवर सहा. फाटकापलीकडे पाण्याच्या हौदापाशी तीस-चाळीस गुरं उभी होती, म्हणजे गुरं नाहीत असंही नव्हतं. सहाव्या फाटकावर गेलो, तिथे अडुसष्ट. शुक्रवारी पुन्हा पाचव्यावर आलो, अकरा.

"सतरा वर्षं," ऊना म्हणाली, "मी या फाटकावर वीस सेकंद थांबून पुढे गेले. माशा कमी आहेत हे माझ्या ध्यानातही आलं नाही. जे छळत नाही ते कुणाच्या ध्यानात येतं."

पुढच्या मंगळवारी तिने मला गाडी बंद करायला लावली. फाटकाच्या तारेखालून आत शिरली आणि गुडघ्यावर बसून डाव्या हातातल्या काटकीने शेणाचा एक पो उलटा करायला लागली. पो उलटा झालाच नाही, हातात भुसा यावा तसा फुटला. आत नुसता चोथा. खाली जमिनीला करंगळी जाईल एवढाली भोकं. एका भोकातून एक काळा, चकचकीत, वाटाण्याएवढा किडा वर आला, आम्हाला बघून मागच्या मागे परत गेला.

"आता लोर्नाकडे चल," ऊना म्हणाली.

"लोर्नाकडचं टपाल देऊन झालं, ऊना. सत्तर किलोमीटर मागे जायचं?"

"शेण बघायला चाललोय, टपाल द्यायला नाही."

लोर्नाच्या फाटकापाशी पो ताटल्यांसारखे पडले होते. काही मागच्या वर्षीचे असतील, उन्हाने करडे झालेले, अख्खे. एक ताजासा उचलला तर खाली ओलीत अळ्या वळवळत होत्या. एका पोखाली एवढ्या की मला दुपारचं जेवण गेलं नाही. ऊनाला गेलं. थंड मटण आणि लोणचं लावलेला पाव खात खात ती त्या पोकडे बघत होती.

"इथे शेण माशीचं," ती म्हणाली. "तिकडे किड्याचं. किडा आधी पोचला तर शेण जमिनीत नेतो, माशीला काही उरत नाही. पण तिकडेच का?"

शुक्रवारी तिने फ्रिजमध्ये चिठ्ठी ठेवली. अक्षर माझं, तिच्या हाताला प्लास्टर. 'मि. पिगॉट, तुमच्याकडे माशा इतक्या कमी का? ऊना काल्डर, टपाल.'

मंगळवारी त्याच कागदामागे पेन्सिलीने उत्तर होतं. 'कमी आहेत हे माहीत नव्हतं. हव्यात का? ओ. पि.'

ऊनाने लिहून घेतलं, 'नकोत. कारण हवंय. तुमच्या शेणात किडे कुठून आले?'

शुक्रवारचं उत्तर एका शब्दाचं होतं. 'आकाशातून.'

"हा माणूस कंजूस आहे ते खरं," मी म्हटलं. "शब्दसुद्धा मोजून देतो."

"कंजूस नाही," ऊना म्हणाली. "त्याला गंमत करायला कुणी मिळालेलं नाही." आणि तिने तिसरी चिठ्ठी ठेवली, 'भेटायला येऊ का?'

त्याचं उत्तर फ्रिजमध्ये नव्हतं. त्या मंगळवारी फाटकावर तो स्वतःच उभा होता. उंच, सुकलेला, सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, दाढी त्याच सकाळी केलेली असावी, कारण हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. त्याने टोपीला हात लावला.

"आकाशातून म्हणालो ते खोटं नव्हतं," तो म्हणाला. "संध्याकाळी उडत येतात. पत्र्यावर आपटतात. गारा पडल्यासारखा आवाज येतो."

"पहिल्यांदा कुठून आले?"

"खोक्यातून." तो विचार करून बोलत होता, सवय मोडलेल्या माणसासारखा. "वीसेक वर्षं झाली. सरकारी माणूस आला होता. पुठ्ठ्याची खोकी, आत ओला भुसा आणि किडे. प्रत्येक रानात एक खोकं सोडलं. लोर्नाच्या नवऱ्याने तर खोक्याबरोबर फोटो काढून घेतला होता."

"म्हणजे सगळ्यांकडे सोडले, आणि राहिले फक्त तुझ्याकडे," ऊना म्हणाली. 'तुम्ही' वरून 'तू' वर ती केव्हा आली ते कुणाला कळलं नाही. "तू असं काय करतोस जे बाकीचे करत नाहीत?"

"मी काहीच करत नाही."

"मग बाकीचे काय करतात जे तू करत नाहीस?"

फाटकाच्या खांबावरची तार त्याने उगाच घट्ट केली. मग म्हणाला, "औषध ओतत नाही."

आमच्याकडे दोन माशा. एक ही, माणसाला छळणारी. दुसरी बारकी, चावरी, गुरांच्या पाठीवर बसून रक्त पिणारी. त्या दुसरीसाठी सगळे गुरांच्या पाठीवर निळं औषध ओततात. ऑर्मंडही ओतायचा. एका वर्षी थोडं औषध जमिनीवर सांडलं आणि त्याच्या कुत्रीने ते चाटलं. टॉफी तिचं नाव. दोन दिवस ती पाय ताणत पडली होती.

"दुसऱ्या दिवशी माझा हात चाटायला उठली, पडली आणि गेली," ऑर्मंड म्हणाला. "त्यानंतर ते डबे मी उघडले नाहीत. अजून शेडमध्ये आहेत."

"लोक म्हणतात तू खर्च वाचवतोस."

"म्हणू देत. कुत्रीसाठी औषध सोडलं असं सांगितलं असतं तर काय म्हणाले असते?"

ऊना त्याच्याकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "पाठीवरचं औषध अंगात जातं. अंगातून शेणात. आणि किडा शेणच खातो, म्हणून बाकीच्यांकडचे मेले." ती माझ्याकडे वळली. "नेल, एका माशीचं औषध दुसऱ्या माशीला खाऊ घालतंय."

मग तिला दुसरी शंका आली. चावऱ्या माशीचं तो काय करतो? ऑर्मंड म्हणाला, चला. हौदाभोवती त्याने कुंपण घातलं होतं आणि आत जायला एकच वाट. त्या वाटेवर लाकडी सांगाड्याला काळं कापड लावून एक बोगदा केलेला, आत दोन्ही बाजूंनी जुन्या गोणपाटाच्या पट्ट्या लोंबत होत्या. तहानलेलं गुरू आत शिरतं, पट्ट्या पाठीवरून फिरतात, माशा उडतात, अंधारात त्यांना उजेड दिसतो फक्त वरच्या जाळीतून, आणि त्या जाळीत जाऊन अडकतात. गाय बाहेर येते ती स्वच्छ पाठीने. ऑर्मंडने एका जुन्या मासिकात चित्र बघून हे केलं होतं आणि तेरा वर्षांत कुणाला दाखवलं नव्हतं. ऊना त्या बोगद्यातून चार वेळा आरपार गेली. पाचव्या वेळी ऑर्मंड तिच्या मागून गेला.

आता हे लोर्नाच्या गळी कसं उतरवायचं?

"सतरा वर्षं मी पहिली आहे," लोर्ना म्हणाली. आम्ही तिच्या व्हरांड्यात जाळीच्या आत बसलो होतो. "आणि तू म्हणतेस, आता माझ्या माशा कमी कर. तुझ्याने बघवत नाही ना?"

"पाटी काढू नकोस. खाली साल लिही, झालं."

"आणि माझी गुरं? चावऱ्या माशीने अंग खाजवून खाजवून खांब मोडतील. तो पिगॉट गोणपाट लटकवतो, म्हणून मीही लटकवू? त्याच्यासारखं?"

"तो येऊन लटकवून देईल."

"ऑर्मंड पिगॉट? इथे? माझ्या घरी?" लोर्ना हसली. पण मग तिने आत बघितलं. आत तिची नात टीव्हीसमोर बसली होती, दिवसा पडदे ओढून. शहरातून सुट्टीला आलेली. दर सुट्टीत चार दिवसांनी पोरगी रडायला लागायची, की अंगणात जाता येत नाही, तोंडात माशा जातात, मला घरी न्या. "किती दिवस लागतील त्याला?" लोर्नाने विचारलं.

चार दिवस लागले. ऑर्मंड आपली कुदळ, आपलं कापड, आपलं जेवणसुद्धा घेऊन आला. पहिल्या दिवशी गाडीतच बसून जेवला. दुसऱ्या दिवशी लोर्ना ताट घेऊन गाडीशी गेली आणि म्हणाली, "माझ्या दारात माणूस डब्यातलं गार खातो हे लोकांनी बघितलं तर मला शर्यतीला तोंड दाखवता यायचं नाही. उतर." तो उतरला. बोगदा झाला, पण गुरं आत जाईनात. दोन दिवस बाहेर उभी राहून हंबरत होती, लोर्नाचा नवरा ऑर्मंडकडे बघत नव्हता. तिसऱ्या सकाळी ऑर्मंडने बोगद्यापलीकडे मिठाचा गोळा ठेवला. एक म्हातारी तांबडी गाय आत शिरली. तिच्या मागे बाकीची.

किडे मी आणि ऊनाने नेले. ऑर्मंडच्या रानातून ओल्या शेणासकट बादल्या भरायच्या, वर भिजवलं गोणपाट बांधायचं, आणि टपालाच्या थैल्यांशेजारी ठेवायच्या. एकदा एक बादली लवंडली. त्या आठवड्यात सहाव्या फाटकाच्या मालकाने बँकेचं पाकीट उघडलं तर आतून किडा निघाला. त्याने ऊनाला विचारलं, हे व्याज का?

म्हणून लगेच सगळं पालटलं असं नाही. पहिल्या उन्हाळ्यात लोर्नाकडे एकाहत्तर होत्या, आधीपेक्षा तीन कमी. लोर्ना म्हणाली, तीन तर मी चहातून काढते. दुसऱ्या उन्हाळ्यात बावन्न. तिसऱ्यात तेहेतीस, आणि त्या सुट्टीत नात सतरा दिवस राहिली. चौथ्या फाटकाने बोगदा केला. पहिल्याच्या मालकाने नाही केला. "माझी गुरं, माझं औषध, माझ्या माशा," तो म्हणाला, आणि स्पर्धेत पहिला नंबर घेतला.

शेतीखात्यातून एक बाई आल्या. ऊनाने कुणाला लिहिलं नव्हतं, शर्यतीत कुणीतरी बोललं असावं. तीन दिवस त्या माझ्या रोडहाउसच्या मागच्या खोलीत ऊनाच्या वह्या पसरून बसल्या. निघताना म्हणाल्या, औषध हे कारण असू शकतं. पण मि. पिगॉटची जमीन रेताड आहे, बाकीच्यांची काळी, चिकण. किड्याला रेतीत खणायला सोपं जातं. तेही कारण असेल. दोन्ही असतील. खात्रीने सांगता येत नाही.

मला वाटलं, ऊना हिरमुसेल. ती त्या बाईंना गाडीपर्यंत सोडून आली आणि म्हणाली, "शहाणी आहे. माहीत नाही ते माहीत नाही म्हणते. रेतीचं मला सुचलं नव्हतं." दुसऱ्या मंगळवारपासून तिने प्रत्येक फाटकावरची माती बाटल्यांत भरायला सुरुवात केली.

दोन हजार दहाच्या पुरात काळी माती तीन आठवडे पाण्याखाली होती. लोर्नाकडचे किडे गेले, ऑर्मंडच्या रेतीतले राहिले. आकडा पुन्हा साठावर. लोर्नाने ऑर्मंडला बोलावणं धाडलं आणि पुन्हा बादल्या भरल्या. बाईंचं निम्मं तरी खरं होतं.

त्याच वर्षी ऊनाने टपाल सोडलं. एकाहत्तरची झाली होती. मला वाटलं, आता घरी बसेल. जुलैत, आमच्याकडच्या ऐन थंडीत, एका सकाळी ती आणि ऑर्मंड रोडहाउसवर आले, त्याच्या गाडीत मागे पाण्याची पिंपं, दोन घडीच्या खाटा, तिचा खाकी सदरा.

"कुठे?" मी विचारलं.

"उत्तरेला. आत्ता इथे एकही माशी नाही, बरोबर? थंडीत मरतात. पण सप्टेंबरात वारा फिरला की येतात. म्हणजे कुठेतरी त्या असणार. कुठे थंडी काढतात ते बघायचंय."

"आणि तू?" मी ऑर्मंडला विचारलं.

"मोजायला कुणीतरी हवं," तो म्हणाला.

बारा दिवसांनी परतले. दोघांची नाकं सोललेली. रोज दुपारी बाराला थांबायचे, ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहायची, तो शून्य म्हणायचा आणि पुढे निघायचे. सात दिवस शून्य. आठव्या दिवशी नऊशे किलोमीटर उत्तरेला, एका आटलेल्या नदीच्या पात्रात ऑर्मंड पावाला जॅम लावत होता आणि एक माशी येऊन जॅमवर बसली.

"हाकलली का?" मी विचारलं.

"हाकलायची कशाला?" ऊना म्हणाली. "इतक्या लांबून आम्ही तिच्याकडे गेलो होतो. त्याने तुकडा मोडून तिच्यासमोर ठेवला. तिथून पुढे दहा किलोमीटरवर चौदा, वीसवर तीस. मग त्या जिथून सुरू होतात तिथे आम्ही नकाशावर रेघ मारली." तिने काउंटरवर नकाशा पसरला. रेघ फार छोटी होती, एका नदीपुरती. "आता पूर्वेला ही रेघ कुठे जाते ते माहीत नाही," ती म्हणाली. "ऑर्मंड म्हणतो, पुढच्या जुलैत समुद्रापर्यंत बघू."

ऑर्मंड गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. तो आत आला, टोपी काढली आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला. मी दोघांसाठी चहा टाकला.